आमच्या ऑपरेटर वन्सं

आधी मोजे घालून मग बूट घालायचे, की आधी बूट घालून मग मोजे, या विषयाचा आमच्या कुंदावन्संना पगार मिळतो, असं मी लग्नानंतर तीन वर्षं समजत होते. यात माझी काही चूक नाही. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं.

मी नवी नवरी. घरात कोण काय करतं ते समजून घ्यावं म्हणून नणंदेला विचारलं, "वन्सं, तुम्ही नक्की काय काम करता?" त्या वेळी त्या पंचांगाकडे एकटक बघत उभ्या होत्या. पंचांग उलटं टांगलेलं होतं.

"ऑपरेटरांवर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बघ वहिनी. मोजे घालणं हा एक ऑपरेटर. बूट घालणं हा दुसरा. यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. पण कुंकू लावणं आणि बांगड्या भरणं, यांचा क्रम बदल, उत्तर तेच. तर कुठली जोडी कशी वागते, ते बघायचं."

"आणि याचे पैसे देतात?"

"थोडेच देतात," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

कुंदावन्सं गणितातल्या डॉक्टर. खाडीपलीकडे, मुंबईच्या पार टोकाला असलेल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावची खोली सोडून वाशीला सिडकोच्या घरात आलो होतो. 'हे' ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. आजूबाजूला अर्ध्या इमारती उभ्या, अर्ध्या व्हायच्या, आणि वारा फिरला की कंपन्यांचा वास थेट आमच्या गॅलरीत. त्या वासाची मला सवय झाली. वन्संची होईना.

कारण त्यांचा अभ्यास संस्थेत संपत नसे. "क्रम बदलला तर काय होईल?" हे त्यांचं पालुपद. एकदा बाहेर निघताना त्यांनी आधी कुलूप लावलं आणि मग दार ओढलं. कुलूप दाबून बंद, कोयंडा मोकळा, आणि ओढलेलं दार पुन्हा सताड उघडं. वर मला म्हणतात, "बघितलंस? फरक पडतो." एकदा मी देवळात गेले असताना आमटी झाल्यावर त्यात तेल ओतलं, तेलावर मोहरी टाकली आणि ती तडतडायची वाट बघत अर्धा तास शेगडीपाशी उभ्या राहिल्या. मी आले तेव्हा चेहरा कोण आनंदी!

"वहिनी, फोडणीचा क्रम बदलता येत नाही!"

"हे मी तुम्हाला न करताच सांगितलं असतं," मी म्हटलं.

"तू सांगितलं असतंस. पण सिद्ध झालं नसतं."

आता या बाईशी भांडायचं तरी कसं?

त्यात आमच्या घरात ऑपरेटर या शब्दाचे दोन अर्थ नांदत होते. यांच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणजे पाळीवर येणारा, व्हॉल्व्ह उघडबंद करणारा माणूस. एकदा हे संध्याकाळी वैतागून घरी आले.

"आज माझा एक ऑपरेटर आलाच नाही."

वन्संनी गणिताच्या वहीतून मान वर केली. "कशावरचा?"

"रिअ‍ॅक्टरवरचा."

"मर्यादित आहे?"

"कोण?"

"ऑपरेटर."

"मर्यादितच आहे," हे म्हणाले. "अक्कल तर फारच."

दोघं बहीण-भाऊ समाधानाने जेवायला बसले. एकमेकांचं बोलणं कळल्याचा असा आनंद मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिला नाही.

बिल्डिंगमध्ये तिसराच अर्थ पसरला. त्या काळी वाशीत टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षं लागत. आमच्या तिन्ही मजल्यांत मिळून एकही फोन नव्हता. अशात कुणीतरी ऐकलं, तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई ऑपरेटर आहेत. झालं. खालच्या सबनीसबाई वर आल्या.

"कुंदाताई, आमच्या जावयाला नागपूरला ट्रंक कॉल लावायचाय. तासन्‌तास लाइन लागत नाही. तुमच्या हातातलं काम ते, जरा बघा ना."

वन्सं म्हणाल्या, "मी ज्या ऑपरेटरांवर काम करते ना, त्यांच्याकडे टेलिफोन नसतो."

सबनीसबाई तडक खाली गेल्या आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सरकारी नोकरी लागली की काय तो भाव चढतो माणसाला!" निस्तरायला अर्थात मी. वाटीभर लाडू घेऊन गेले, मनाला लावून घेऊ नका म्हटलं, आणि मोजे-बुटांपासून सगळं समजावलं. त्या लाडू खात म्हणाल्या, "म्हणजे बाटाच्या दुकानात आहे का ती?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाला नारळ वाढवला असता. पण वन्संनी तिशी ओलांडली होती, सासूबाई जाताना माझा हात धरून "कुंदाचं बघ" म्हणाल्या होत्या, आणि बघण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

पहिलं स्थळ ठाण्याचं. मुलगा कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या आईने विचारलं, "मुलगी काय करते?" मी घाईने म्हटलं, "गणितात डॉक्टर आहे." पण वन्संना अर्धवट माहिती खपत नसे. "ऑपरेटरांवर काम करते," त्यांनी पुस्ती जोडली.

आईने मुलाकडे बघितलं. मुलाच्या हाताखाली डझनभर ऑपरेटर, त्यामुळे ऑपरेटर म्हणजे काय हे त्या घरात पक्कं माहीत. "शिफ्ट असते का?"

"तशी चोवीस तासच असते."

"रात्रीसुद्धा?"

"रात्री झोपेत जास्त सुचतं," वन्सं म्हणाल्या.

पत्रिका जमत नसल्याचा निरोप दोन दिवसांत आला.

दुसरं स्थळ व्यापाऱ्याचं. मुलाचे वडील शेअरबाजारात मुरलेले. ऑपरेटर हा शब्द ऐकताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. पुढे यांनी मला समजावलं, की बाजारात ऑपरेटर म्हणजे गुपचूप एखादा शेअर गोळा करून त्याचा भाव चढवणारा, आणि मग तो दुसऱ्यांच्या गळ्यात मारून नामानिराळा होणारा माणूस. हे मला तेव्हा कुठलं माहीत!

"कुठल्या कंपनीवर चाललंय सध्या?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"कंपनीवर नाही," वन्संनीही कुजबुजत उत्तर दिलं. समोरचा कुजबुजला की त्याही कुजबुजत. "सध्या मी एका खास प्रकारच्या मागे आहे. एकदा लावला तर काहीतरी शिल्लक राहतं. दुसऱ्यांदा लावला की सगळं शून्य."

सद्गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. "असाच एक आम्हाला भेटला होता मागल्या वर्षी," ते म्हणाले आणि चहा न घेता उठले.

मी त्या रात्री यांना सांगून टाकलं, "तुमच्या बहिणीचं लग्न माझ्याच्यानं होणार नाही. मी तुमच्या रिअ‍ॅक्टरवर कामाला येते, ते सोपं असेल."

याच सुमारास एक दिवस हिराबाई दारात टोपली उतरवून बसली होती. हिराबाई वाशी गावातली कोळीण, आमची नेहमीची मासळीवाली. मी आत पैसे आणायला गेले, तेवढ्यात तिने वन्संना गाठलं.

"बाय, तू आपरेटर हाईस ना? खालची बाय बोलली."

"हो," वन्सं म्हणाल्या.

"माजा नारान पन आपरेटरच हाय गो! तिकडं इशाखापट्टनला, बंदरान. किरेनवर. साल झाला, त्याचा आवाज नाय आयकला. तुमा आपरेटर लोकांची वलख आसंल ना येकमेकाची?"

मी आतून कान टवकारले. आता मोजे निघणार, बूट निघणार, आणि हिराबाई उद्यापासून दुसऱ्या बिल्डिंगला जाणार. पण वन्सं तिच्या टोपलीशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "शोधू या की."

झालं! आता या क्रेनवाल्याला गणितात शोधणार, असं मनात म्हणत मी पापलेटं निवडली आणि तो विषय विसरून गेले.

आणि मग तिसरं स्थळ आलं. कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे प्राध्यापक. शांत माणूस. वन्संनी आपलं काम सांगितलं, मोजे-बूट सगळं. ते म्हणाले, "मला यातलं काही कळलं नाही. पण तुम्हाला कळतं ना, मग झालं." मला भरून आलं. असा माणूस जगात असतो आणि तो अजून बिनलग्नाचा राहतो, यावर माझा विश्वास बसेना. वन्संही त्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाल्या, "बरे वाटले." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सनई-चौघडाच.

रविवारी सकाळी दहाला त्यांची वडीलमंडळी याद्या करायला येणार होती. मी पहाटे उठून ओल्या नारळाच्या करंज्या तळल्या. यांनी नवा सदरा घातला. साडेनऊला वन्संना साडी नेसवायला गेले, तर वन्सं घरात नाहीत.

गच्ची पाहिली, मागचं मैदान पाहिलं. शेवटी सबनीसबाई खिडकीतून म्हणाल्या, "त्या ना? हिराबाईबरोबर गेल्या. दर रविवारी जातात टेलिफोन एक्स्चेंजला. ड्यूटी असेल."

दर रविवारी! आणि मला वाटायचं, फिरायला जातात.

तेवढ्यात पाहुण्यांची टॅक्सी वळली. यांना म्हटलं, "चहा द्या, हवापाण्याच्या गप्पा मारा, मी आणते," आणि घरातल्याच चपलांनी निघाले. वाटेत वन्संना काय काय सुनवायचं ते मी जुळवत होते. सासूबाईंचं शेवटचं बोलणं, माझी तीन वर्षं, उलटी फोडणी, काही म्हणता काही सोडणार नव्हते.

एक्स्चेंजच्या तळमजल्यावर ट्रंक कॉल बुक करायची खिडकी होती. बाकावर सात-आठ माणसं पेंगत होती. आणि कोपऱ्यातल्या काचेच्या खोपटात वन्सं आणि हिराबाई, दोघी दाटीवाटीने उभ्या. कॉल लागला होता. दार नीट बंद होत नव्हतं, त्यामुळे सगळं बाहेर ऐकू येत होतं. खरखरीत हिराबाईला काही कळत नसावं, म्हणून रिसीव्हर वन्संच्या कानाला होता.

"त्याला इचार, ताप गेला काय?"

"नारायण, आई विचारतेय, ताप गेला का?... गेला म्हणतो."

"जेवतं काय?"

"भात मिळतो. मासे मिळतात, पण तुझ्या हातचे नाहीत म्हणतो."

हिराबाई हसली आणि पदराने डोळे पुसले. "आता मना दे. मी बोलतंय." तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि बाजारात हाक मारावी तशी बोलू लागली. बोटीला नवा रंग दिला. चुलतबहिणीचं लगीन ठरलं. तुझ्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं काळं पिल्लू तुझ्यासाठी ठेवलंय.

खिडकीतल्या क्लार्कने काच ठोठावली. "मॅडम, लाइन गेली. वेळ संपला कधीच."

स्वतःच्याच आवाजात हिराबाईला ते ऐकू गेलं नाही. वन्संनी त्याच्याकडे बघून तळहात वर केला. थांबा. क्लार्क थांबला. मला वाटतं, त्याला सवय असावी. हिराबाई बोलत राहिली. वन्सं शेजारी उभ्या राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या. पलीकडे कुणी नव्हतं आणि ते त्या खोपटात एकालाच माहीत होतं. मी भांडायला आलेली बाई, मुकाट्याने बाकावर टेकले.

शेवटी हिराबाईने रिसीव्हर ठेवला. "आज लय मोकला बोलला पोर," ती म्हणाली आणि टोपली उचलून घाईने बाजाराकडे गेली.

क्लार्कने वन्संना विचारलं, "मॅडम, दर रविवारी तीन-चार तास बसता दुसऱ्यासाठी. एकदा तुमचा कॉल बुक करा. मी आधी लावून देतो."

कुठल्याही प्रश्नाचा करतात तसा वन्संनी या प्रश्नाचाही मनापासून विचार केला. मग म्हणाल्या, "नको. मला कुणाला लावायचा, तसं कुणी नाही."

तक्रार नव्हती. पंचांगातली तिथी सांगावी तसं सांगितलं. मग मी त्यांना दिसले. "अगं वहिनी! तुला कुठे लावायचाय फोन?"

वाटेत मी एवढंच विचारलं, "तिला सांगितलं का नाहीत, तुम्ही त्यातल्या ऑपरेटर नाही म्हणून?"

"पहिल्या दिवशीच सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, माझ्या कामाची इतकी वाट बघणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं."

घरी पोचलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. प्राध्यापक म्हणे थांबू या म्हणत होते, पण त्यांचे काका म्हणाले, जिला आजचा दिवस लक्षात राहत नाही तिला संसार काय लक्षात राहणार. ते स्थळ पुन्हा आलं नाही. नंतरही कुठलं जमलं नाही.

वन्संनी हातपाय धुतले, पाटावर बसल्या आणि डब्याचं झाकण उघडलं. "अय्या, करंज्या! आज काय विशेष?"

हे नव्या सदऱ्यात लालबुंद होऊन दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून तळहात वर केला.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला आवडतात म्हणून केल्या."