सलग चाळीस मिनिटं

मानवी तस्करीविरोधी प्रबोधनासाठी तालुक्याच्या कचेरीने एक कलापथक नेमलं आणि त्याच्या देखरेखीला मला. पथक म्हणजे भिंगारची गायिका शकिला आणि ढोलकीवर तिचा भाऊ फैयाज. अट एकच होती: स्टँडवरच्या मोबाईलने सलग चाळीस मिनिटांचं चित्रीकरण करायचं. एक मिनिटही कमी भरलं, तर कार्यक्रम झालाच नाही असं धरायचं. पहिल्या अकरा गावांत एकही पीडित सापडली नाही, त्यावरून प्रबोधन किती प्रभावी आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात आलं होतं.

बारावं गाव काकासाहेब सरपंचांचं. चहा त्यांच्याच घरी झाला.

"आमच्याकडं असलं काय न्हाई, साहेब," ते म्हणाले. "ही सून बघा. एजंटानं लई लांबनं आनून दिली. पन लेकीवानी ठेवलीय. दोन वर्सं झाली, उंबरा वलांडू दिला न्हाई."

सुनेचं खरं नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून ज्योती ठेवलेलं. चहा उत्तम होता. मी वहीत 'गाव जागरूक' अशी नोंद केली.

कार्यक्रम सरपंचांच्याच अंगणात झाला. शकिलाचं शेवटचं गाणं मदतीच्या नंबराचं. ध्रुवपदात तो नंबर पुन्हा पुन्हा येतो. लोकांना चाल इतकी आवडली, की साठ-सत्तर मोबाईल वर झाले. चौतिसाव्या मिनिटाला ज्योती उंबरा ओलांडून पुढे आली.

"ताई, हा नंबर लावायचा हाय. मोबाईल द्या कुनीतरी."

कुणी दिला नाही. यात गावाचा दोष नाही. सगळ्यांचे मोबाईल तिचंच चित्रीकरण करण्यात गुंतले होते. माझाही.

ढोलकी थांबली. शकिला स्टँडकडे निघाली.

"शकिलाताई, सहाच मिनिटं राहिलीत," मी म्हणालो. "तेवढं थांबायला सांगा तिला."

"दोन वर्षं थांबलीय ती, साहेब." शकिलाने स्टँडवरचा मोबाईल काढून ज्योतीच्या हातात दिला.

काकासाहेब 'एजंटाला पैसं मोजल्यात, घरातलं घरात मिटवू' म्हणत पुढे सरसावले, तेव्हा फैयाज ढोलकीसकट मधे उभा राहिला. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो हलला नाही. गाडीत बसताना त्या मुलीने आपलं खरं नाव सांगितलं. मला ते पहिल्याच खेपेला उच्चारता आलं आणि लाज वाटली. अहवालात लाजेला रकाना नाही.

अकरा कार्यक्रम यशस्वी, बारावा झाला नाही, असा अहवाल मी पाठवला. शकिलाकडून खुलासा मागवला आहे. काकासाहेब जामिनावर सुटले, की त्याच अंगणात कार्यक्रम पुन्हा घ्यायचा आहे.

गावकऱ्यांनी केलेलं चित्रीकरण मात्र गाजलं. आठ लाख लोकांनी पाहिलं. आपणही पाहिलं असेल. खाली प्रतिक्रिया भरपूर आहेत. निम्म्या लोकांना गाण्याची चाल आवडली. उरलेल्यांनी एजंटाचा नंबर विचारला आहे. आपण कुठल्या निम्म्यात होतात, ते मी अहवालात घेतलेलं नाही.