टीव्ही बघताना कुणी बोलायचं नाही!

टीव्ही कसा बघावा, हे आमच्या घरात फक्त मला कळतं. फुशारकी नाही मारत, वस्तुस्थिती सांगतोय! गप्प बसायचं, समोर बघायचं, संपलं की उठायचं. आहे काय त्यात? पण या साध्या कामाचा आमच्याकडे जो विचका होतो, तो बघून माझ्या अंगाचा रोज तिळपापड होतो.

आता आमच्या सासूबाईंचंच घ्या. बाई स्वभावाने लाखात एक. पण पडद्यावर कुणीही उगवलं की त्यांचे प्रश्न ठरलेले. "हा कोण? चांगला की वाईट?" परवा हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याबद्दल विचारलं! मी म्हटलं, "आई, तो फक्त पाऊस पडेल का ते सांगतोय." तर म्हणाल्या, "ते कळलं हो, जावईबापू. पण माणूस कसा आहे?"

दुसरा माझा मेहुणा. शाळेची बस चालवतो. बस चालवताना पुढचं बघायची जी सवय लागली, ती टीव्हीसमोरही सुटत नाही. "भाऊजी, हा मरणार बघा." "भाऊजी, खुनी तो माळी आहे." बरं, त्याचं चुकलं तर एक वेळ चालेल. चुकत नाही हो! एवढं बरोबर सांगणाऱ्या माणसाचं करायचं काय?

आणि आमची कन्या. टीव्ही चालू, मान खाली, हातात मोबाइल. ऐन रंगात आलेल्या प्रसंगी मान वर करून विचारणार, "बाबा, आता काय झालं?" ते सांगायला मी तोंड उघडतो, तोवर मान पुन्हा खाली!

यात भर आमच्या रिमोटची. त्याच्या मागचं झाकण कधी हरवलं ते कुणालाच आठवत नाही. सेल चिकटपट्टीने बांधून ठेवलेत. आणि जाहिराती! कार्यक्रमातली माणसं कानात कुजबुजल्यासारखी बोलतात आणि साबणाची जाहिरात लागली की आख्खी इमारत हादरते. हे ज्याने ठरवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा. बस, एकदाच!

तर हे सगळं मी वर्षानुवर्षं सोसत होतो. पण त्या रविवारी सोसून चालणार नव्हतं. त्या रविवारी टीव्हीवर आमची ही येणार होती!

आमची ही शिलाई मशीन दुरुस्त करते. बाजारात तिचा छोटासा गाळा आहे, माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत. गावातल्या वाहिनीवर रविवारी सकाळी बायकांचा एक कार्यक्रम लागतो, त्यात तिला बोलावलं होतं. अडकलेलं मशीन घरच्या घरी कसं चालू करायचं, ते ती करून दाखवणार होती. कार्यक्रम थेट. एकदा गेला की गेला, पुन्हा दाखवत नाहीत.

निघताना ती दारात थांबली. नवी साडी, हातात हत्यारांची पिशवी, आणि चेहरा असा, की परीक्षेलाच निघालीय.

"अहो, बघाल ना?"

"म्हणजे काय! बघणारच!"

"बघाल हो. पण ऐकाल का? शेवटपर्यंत? घरात माझं एक वाक्य कधी कुणी पुरं ऐकलेलं नाही. मी 'अहो' म्हणते आणि तुम्ही 'हो हो' म्हणून मोकळे होता."

"हो हो," मी म्हणालो.

तिने नुसतं बघितलं. मग म्हणाली, "आल्यावर विचारणार आहे. मी शेवटी काय म्हणाले ते सांगायचं. बघू या."

ती गेली आणि खरं सांगतो, मला आतून लागलं. एवढी वर्षं संसार केला, आणि बाईला आपलं वाक्य ऐकवायला टीव्हीवर जावं लागतं? छे! मी ठरवलं, आज तिचा शब्द न् शब्द ऐकायचा. आणि त्यासाठी आज या घराला टीव्ही बघायला शिकवायचं.

कामाला लागलो. टीव्हीसमोरचा पसारा सकाळी उठल्या उठल्याच आवरला होता. वर्तमानपत्रं, कात्री, एक निळी थैली. कन्या तेव्हा म्हणालीही होती, "बाबा, ही थैली आईची आहे ना?" मी म्हटलं, "असेल. टीव्हीच्या मागे टाक. टीव्हीसमोर मला काडी दिसता कामा नये."

मग खुर्च्या ओळीने लावल्या. दाराच्या घंटीची वायर काढली. सगळ्यांचे मोबाइल गोळा केले आणि प्रेशर कुकरमध्ये टाकून झाकण घट्ट लावलं.

"बाबा, मी आईचा कार्यक्रम रेकॉर्ड करणार होते!" कन्या किंचाळली.

"काही गरज नाही. मी ऐकणार आहे!"

रिमोटमधले सेलसुद्धा काढून खिशात ठेवले. मध्येच कुणी चॅनेल बदलायला नको! मग सगळ्यांसमोर उभा राहून नियम सांगितला. "कार्यक्रम संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. प्रश्न नाही, अंदाज नाही, टीव्हीसमोरून ये-जा नाही. कुणी तोंड उघडलं तर गाठ माझ्याशी आहे!"

"आणि घसा खवखवला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"गिळायचं!"

जाहिराती सुरू झाल्या. साबण असा गरजला की मी उठून टीव्हीच्या बाजूचं बटण दाबून आवाज कमी केला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकर थरथरायला लागला. आत मोबाइल वाजत होता. थांबला. पुन्हा वाजला.

"बाबा, आईचा असेल."

"आई आत्ता टीव्हीवर येणार आहे, ती कशाला फोन करेल? शू! बघितलंत? हा इथे वाजला असता तर?" मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

आणि कार्यक्रम सुरू झाला! सोफ्यावर निवेदिका, शेजारी मशीन, मशीनमागे आमची ही. चेहऱ्यावर असा काही रंग चढवला होता की क्षणभर मीही चपापलो.

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, तुमची मुलगी!"

"अगं बाई! चांगली दिसतेय की वाईट?"

"शूऽऽ!"

"आता ती पदर सावरणार बघा," मेहुणा म्हणाला. तिने पदर सावरला.

"तू गप्प बसतोस की बाहेर जातोस?"

"बाबा, तुम्हीच जास्त बोलताय!"

मी उत्तर देणार होतो, पण लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे. ही बोलतेय, निवेदिका हसतेय, आणि माझ्या कानावर सगळं अर्धंमुर्धंच येतंय! आवाज वाढवायला उठावं तर माझीच पाठ सगळ्यांच्या आड येणार, आणि नियम तर मीच केलेला. म्हणून खिशातले सेल काढून रिमोटमध्ये बसवायला गेलो. घाईघाईत एक सेल हातातून निसटला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला. मी गुडघ्यांवर! डोकं सोफ्याखाली, हात धुळीत, आणि तोंडाने चालूच, "कुणी हलू नका! सेलवर पाय पडेल! या सोफ्याखाली झाडतं की नाही कुणी?"

नेमकं तेव्हाच ही टीव्हीवर काय म्हणाली, ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो. म्हणाली, "मशीनची बॉबिन बसवायची डबी घरी राहिलीय, निळ्या थैलीत. तिच्याशिवाय मशीन चालणार नाही. पण काळजी नाही, आमचे हे बघताहेत. अहो, स्टुडिओ मागच्याच रस्त्याला आहे, जाहिराती संपायच्या आत तेवढी थैली आणून द्या." आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसली म्हणे.

मी सोफ्याखाली.

"बाबा! आई म्हणतेय..."

"शू!"

"भाऊजी, ती थैली..."

"नियम म्हणजे नियम!"

"जावईबापू, अहो, ती तुम्हालाच..."

"आई, तुम्हीसुद्धा?"

कन्या टीव्हीच्या मागे हात घालायला धावली. मी सोफ्याखालून ओरडलो, "टीव्हीसमोरून बाजूला हो आधी!" एवढ्यात दारावर धडाधड थापा पडायला लागल्या. घंटी नव्हती ना! सेल मुठीत धरून मी तणतणत दार उघडलं. वरच्या मजल्यावरचे मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी असतेच.

"अहो, तुम्ही अजून घरीच? तिकडे तुमच्या बाईंनी..."

"मास्तर, माझी बायको टीव्हीवर आहे! जे काय असेल ते कार्यक्रम संपल्यावर!"

"अहो, पण त्याच तर..."

मी दार लावलं. मास्तरांच्या तोंडावर! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडावर दार लावलं असेल आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, सांगा आता!

परत येऊन खुर्चीत बसलो. पुन्हा जाहिराती लागल्या होत्या. मी मान न वळवता, नजर न हलवता, पडद्यावर डोळे रोवून बसलो. एक शब्द चुकवायचा नाही! मागे थोडी खुसफूस झाली, पावलं वाजली, दार करकरलं, मग हळूहळू सगळं शांत झालं. इतकं शांत, की मला भरून आलं. शेवटी शिस्त लागली या घराला! थोडं कडक वागावं लागतं, पण लागते शिस्त!

कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. आमची ही मशीनपुढे बसलेली. मशीन बंद. निवेदिका घड्याळाकडे बघतेय. हिच्या कपाळावरचा घाम त्या रंगातूनही दिसत होता. मी खुर्चीत पुढे सरकलो. काहीतरी बिनसलं होतं, पण काय?

आणि पडद्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी धापा टाकत आत शिरलं. हातात निळी थैली.

मी ओळखलं. आमची कन्या! तिच्यामागून घरातल्या चपलांवर मेहुणा. त्याचा हात धरून सासूबाई. आणि सगळ्यात मागे, गळ्यात शिट्टी, मास्तर!

मी वळून बघितलं. खुर्च्या रिकाम्या.

टीव्हीवर हिने थैलीतली डबी काढली, मशीनमध्ये खटकन बसवली, आणि मशीन असं काही धावायला लागलं की स्टुडिओत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एकटाच.

निवेदिकेने हसत विचारलं, "अरे वा, सगळं घर आलं! आणि तुमचे मिस्टर?"

ही काही बोलायच्या आत सासूबाईंनी तिच्या पदराला लावलेल्या माइकपाशी तोंड नेलं आणि सगळ्या गावाला सांगितलं, "ते घरी टीव्ही बघतायत. त्यांना मध्ये कुणी बोललेलं चालत नाही!"

स्टुडिओ हसून लोळायचा बाकी राहिला. माझे कान तापले. "अहो आई!" मी टीव्हीवर ओरडलो. "अहो, मला काय माहीत! मला कुणी सांगितलं का?" मी उभा राहून भांडत होतो. टीव्हीशी! आणि एवढ्यात दिसलं, की ही हसणं आवरून कॅमेऱ्यात बघतेय आणि काहीतरी म्हणतेय. शेवटचं वाक्य! परीक्षेतला प्रश्न! मी घाईने रिमोटमध्ये सेल कोंबले आणि आवाजाचं बटण दाबलं. काही नाही. सेल उलटे! ते फिरवले, पुन्हा दाबलं, बोट दुसऱ्याच बटणावर पडलं, आणि पडद्यावर दोन धिप्पाड माणसं एकमेकांना उचलून आपटायला लागली. परत येईस्तोवर आमच्या हिच्या जागी साबण गरजत होता.

मी कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसलो.

मग वाट बघत बसलो. स्टुडिओ मागच्याच रस्त्याला, आता येतील, मग येतील. कुणी नाही. कुकरमध्ये मोबाइल वाजत होता. झाकण उघडायला गेलो, ते जाम! ओढलं, पिळलं, वरून पाणी ओतलं. उघडेना. आत वाजतंय, बाहेर मी. जेवणाची वेळ टळली. घरात ताटं वाढायला कुणी नाही आणि कुकर मोबाइलने भरलेला. भुकेने आणि लाजेने माझा जीव कासावीस झाला होता.

शेवटी जिन्यात हसण्याचा आवाज आला. दार उघडलं. सगळे आत आले, चेहरे तृप्त, मेहुणा तर दात कोरत होता. ही सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरचा रंग धुतलेला, म्हणजे आता ती खरी ती होती.

"हं," ती म्हणाली. "शेवटी काय म्हणाले मी?"

खोलीत अगदी तशीच शांतता पसरली, जशी मला सकाळी हवी होती.

"धन्यवाद... म्हणालीस?"

कन्या हळूच म्हणाली, "बाबा, आई म्हणाली, 'अहो, आम्ही सगळे आता समोरच्या हॉटेलात जेवायला जातोय. तुम्हीही या. तुम्ही आल्याशिवाय सुरुवात करणार नाही.' तुमच्यासाठी आईने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. किती तरी वेळ. फोनही केले."

कुकर गप्प होता. एवढा मोठा माणूस मी, पण त्या रिकाम्या खुर्चीचं ऐकून घशाशी आवंढा आला. सकाळी मीच सासूबाईंना सांगितलेलं आठवलं आणि गिळला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "आता सांग. सकाळपासून काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

तिने पर्स ठेवली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि समोर बसली. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. चष्मा सारखा करून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे कोण गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "चांगले की वाईट?"

"अजून कळत नाहीये, आई," ही म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण थोडंच. "शेवटपर्यंत बघावं लागेल."

"मी सांगू?" मेहुणा पुढे सरसावला. "यांचं पुढे काय होणार, ते मला..."

"शूऽऽ!"

सगळे एकदम ओरडले. मी सोडून.