पेअरनंतरचा खोकला

काटेकाकांच्या तळहातांवर पुरळ उठले, तेव्हा त्यांनी आधी दुकानाचा दरवाजा आतून लावून घेतला. घड्याळजीच्या हातांकडे गिऱ्हाईक बघत असते. काटे हे त्यांचे आडनाव नव्हे. तीस वर्षे लोकांच्या घड्याळांचे काटे सरळ करून कमावलेले ते नाव होते, आणि आता ते बुडायची वेळ आली होती. खाज अशी, की चिमट्यात धरलेला स्क्रू कधी टेबलावर, तर कधी टेबलाखाली. एका म्हातारीच्या नवऱ्याच्या आठवणीच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या हातून वाकली, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"हात गेले तर मी काय करू गं? लोकांना वेळ विचारत फिरू?" ते काकूंना म्हणाले, आणि त्यांना खरोखरच रडू आले.

मलमे लावून झाली. गुण येईना. मग काकूंनी कुणाकुणाला विचारून एका आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. बाईंनी जीभ पाहिली, पोट दाबले आणि फर्मान काढले. सहा आठवडे साखर, दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, सगळे बंद. भात, उकडलेल्या भाज्या आणि दिवसाला एक पेअर, तेही सोलून. हात निवळले की एकेक पदार्थ परत आणायचा आणि कोणता अंगावर उठतो ते पाहायचे.

"तोंडात जाईल त्या प्रत्येक घासाची नोंद ठेवा," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी काकूंसमोर बोलायला नको होते. काकू एका कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेल्या बाई. एकोणतीस वर्षांत एक कागद त्यांच्या हातून गहाळ झाला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी लांबलचक वही आखली: अनुक्रमांक, तारीख, वेळ, आवक, परिणाम. जावकेचाही रकाना आखत होत्या, पण काकांनी हात जोडले.

पहिला आठवडा काका निर्धारावर जगले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा सगळा जीव त्या एका पेअरमध्ये जाऊन बसला. सकाळी डोळे उघडले की ते पेअर बघायला जात. दुपारी दुकानात भिंग डोळ्याला लावले की भिंगातही पेअर. "रोज एक" असाच नियम आहे म्हटल्यावर त्यांनी बाजार पालथा घातला आणि अर्ध्या किलोचे एक धूड घरी आणले. काकूंनी ते तराजूवर ठेवले, काकांकडे पाहिले आणि सुरी घेऊन त्याचे तीन दिवसांचे तीन भाग केले.

"अगं, नियमात 'एक' म्हटलंय!"

"नियमाचा अर्थ लावायला मी बसलेय ना? तुम्ही फक्त खा."

तिसऱ्या आठवड्यात काकांना एक शोध लागला. दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडे ते कापूस आणायला गेले, तर एक आई पोराला चमच्याने औषध पाजत होती. केशरी, दाट, संत्र्याच्या वासाचे. पोराने चमचा चाटून पुसून परत दिला. काका कापूस विसरले. औषध म्हणजे काही पदार्थ नव्हे, असे त्यांनी स्वतःला समजावले. यादीत साखर, दूध, गहू, अंडी सगळे होते, औषध कुठेच नव्हते.

"मलाही ते द्या. खोकल्याचं."

"तुम्हाला खोकला कुठंय?" औषधवाला म्हणाला. तो तत्त्वाचा माणूस होता. "काका, मी औषध खोकल्याला देतो, हौसेला नाही."

काकांनी तिथल्या तिथे खोकून दाखवले. पहिला खोकला जरा लाजरा निघाला, पण दुसऱ्याला जोर आला. दुकानात परतून त्यांनी आतून कडी लावली आणि बुचात ओतून एक घोट घेतला. डोळे मिटले. तीन आठवड्यांनी जिभेवर साखर आली होती, आणि त्या माणसाला आपण किती दुःखी होतो हे त्या क्षणी कळले.

पण औषधवाला नुसता तत्त्वाचा नव्हता, मायाळूही होता. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन चाललेल्या काकूंना त्याने हाक मारली, "काकू, काकांचा खोकला कसाय आता?"

"कसला खोकला?"

संध्याकाळी काकूंनी हीच चौकशी घरी केली. खोकला नाही म्हणावे, तर औषध कशाला आणले ते काय सांगायचे? पेअरची फोड नुकतीच संपली होती. काका खोकले. काकूंनी घड्याळ पाहिले, वही उघडली आणि लिहिले: कोरडा खोकला, सहा वाजून दहा मिनिटे, पेअरनंतर वीस मिनिटांनी.

"अगं, त्याचा पेअरशी काही संबंध नाही."

"ते बाई ठरवतील."

बाईंनी फोनवर लगेच ठरवले. पेअर बंद.

उभ्या जगात काकांच्या वाट्याला एक फळ उरले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने खोकून घालवले होते. खरे सांगावे, असे एकदा मनात आले. पण खरे सांगितले तर बाटली जाणार, आणि आता बाटलीखेरीज होते काय त्यांच्याजवळ? दिवसाचे दोन घोट होते, ते सहा झाले. सहा घोटांना बाटली पुरेना. नव्या बाटलीसाठी औषधवाल्यापुढे नवा खोकला लागे, आणि तो आदल्यापेक्षा वरचढ लागे. औषधवाला सगळे काळजीने काकूंच्या कानावर घाली, म्हणून तेवढाच खोकला घरीही काढावा लागे. वहीत खोकल्याची स्वतंत्र पाने सुरू झाली. भोपळा बंद झाला. मग गाजर बंद झाले. उरला भात.

चौथी बाटली देताना औषधवाल्याने हात आखडता घेतला. "काका, एवढ्या बाटल्यांनी खोकला हटत नाही, म्हणजे साधं प्रकरण नाही हे. घरी पडून राहा बघू. मी काकूंना सांगतो."

काकूंनी दुकानाला कुलूप लावले आणि काकांना अंथरुणावर घातले. शेवटच्या बाटल्या काकांनी बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळात, लंबकामागे लपवल्या. त्या घड्याळाला आठवड्यातून एकदा किल्ली लागे. आता काका दिवसातून पाच वेळा उठून किल्ली द्यायला जाऊ लागले.

"बसून राहवत नाही ना तुम्हाला," काकू कौतुकाने म्हणाल्या. "हातांना कामाची सवय."

दहाव्या दिवशी दुपारी ते घड्याळ बंद पडले. ज्या घरात लग्नापासून एक घड्याळ कधी मिनिटभर मागे पडले नव्हते, तिथे टिकटिक थांबली आणि काकू स्वयंपाकघरातून पळत आल्या. त्यांनी स्टूल घेतले आणि घड्याळाचे दार उघडले. एक बाटली आडवी होऊन लंबकाला टेकली होती. तिच्यामागे दोन रिकाम्या उभ्या होत्या.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि वही उघडली.

"नोंद नाही," त्या एवढेच म्हणाल्या.

"अगं, ऐक तरी…"

"मी तुमच्याबरोबर हेच जेवतेय. चाळीस दिवस झाले. चहात साखर घातली नाही मी, तुमच्यासमोर गोड कसं प्यायचं म्हणून. आता तर नुसता भात खातेय. आणि तुम्ही घड्याळाला किल्ली देत होतात."

काकांना मान वर करता येईना. काकूंची कचेरीतल्या प्रत्येक कागदावरची नजर त्यांना ठाऊक होती, पण आपल्यासाठी कुणी गुपचूप फिका चहा पीत होते हे त्यांना दिसले नव्हते. त्या वेळी त्यांना खोकला आला असता तर तो खरा आला असता.

त्याच संध्याकाळी दोघे बाईंकडे गेले. काकूंनी वही आणि तिन्ही बाटल्या पुढ्यात ठेवल्या. काकांनी सगळे सांगून टाकले. बाईंनी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले आणि कपाळाला हात लावला.

"साखर, रंग, संत्र्याचा अर्क. मी जे जे काढलं होतं त्यातलं निम्मं तुम्ही रोज पीत होतात! दाखवा हात."

काकांनी शाळेतल्या पोरासारखे हात पुढे केले. बाईंनी दिवा जवळ ओढला.

हात स्वच्छ होते. एक पुळी नाही, एक खपली नाही. खोकल्याच्या व्यापात तिघांपैकी कुणीच हातांकडे पाहिले नव्हते.

"अंथरुणावर पडलो तेव्हा तर खाजत होतं," काका म्हणाले.

"मग साखरेनं होत नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "संत्र्याच्या अर्कानंही नाही. या दहा दिवसांत तुम्ही काय खाल्लं नाही?"

"सगळंच खाल्लं नाही," काकू म्हणाल्या. "पण ते तर आधीही खात नव्हते."

"मग काय केलं नाही?"

"दुकानात गेलो नाही," काका म्हणाले.

"दुकानात हाताला काय लागतं?"

काकांनी सांगितले. घड्याळाचे सुटे भाग धुवायचा एक द्रव असतो. वाटीत ओतायचा, भाग बुडवायचे आणि बोटांनीच काढायचे, कारण बोटांना जे कळते ते चिमट्याला कळत नाही. दिवसातून वीसेक वेळा, गेली तीस वर्षे.

"त्वचेच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या," बाई म्हणाल्या. "पण मला तरी हाच चोर दिसतोय. शरीराला एखादी गोष्ट तीस वर्षांनीसुद्धा नकोशी होते. यापुढे त्या द्रवाला उघडा हात लावायचा नाही. जाड हातमोजे घालायचे."

"हातमोजे घालून केसाएवढी स्प्रिंग कशी धरायची?"

"ते मला कसं कळणार? पण खाण्याचं म्हणाल तर तुम्ही मोकळे आहात. आजपासून काय वाट्टेल ते खा. फळं खा, साखर खा." कुणाची साखर एकदम उतरली तर असाव्यात म्हणून टेबलावर गोड गोळ्यांची बरणी असे. ती त्यांनी हसत पुढे सरकवली.

काकांनी बरणीकडे पाहिलेही नाही. त्यांनी आपले स्वच्छ हात उलटसुलट करून पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"बाई, असं करू या का? साखर मी कायमची सोडतो. फळंसुद्धा. मरेपर्यंत नुसता भात खातो. तेवढा तो द्रव चालू राहू द्या."

काकूंनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने बरणीचे झाकण उघडले आणि दोन गोळ्या काढल्या. एक त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवली, आणि दुसरी कुणी काही विचारायच्या आत स्वतःच्या तोंडात टाकली.