चष्म्याच्या दुकानाची फिकट वेबसाइट

"सूनबाई, दारात आलेल्याला आधी बसायला द्यावं, नाव-गाव मागून विचारावं." सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली, तरी हे वाक्य माझ्या कानात आहे. तसा शब्दच मी त्यांना दिला होता.

आणि मग मी वेबसाइट केली!

मामंजींचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक इतकं आटलं होतं की माशीसुद्धा डोकावून परत जाई. "महिनाअखेर शटर कायमचं खाली," असं ते म्हणाले, तेव्हा मी हळूच बोलले, "आठ दिवस द्या. वेबसाइट अशी करते की रांग लागेल!" माझा आवाज मुळात बारीक, पण फुशारकी मात्र ठणठणीत निघाली.

रूप सात्त्विक हवं म्हणून पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं घेतली, मुंगीच्या पावलांएवढी. आत शिरण्याआधी नाव, वय, फोन, पत्ता विचारणारा फॉर्म. पान उघडताच बासरी, आणि ती बंद करायचं बटण कुठे ठेवलं ते मलाच सापडेना! दुकानाचा फोन बिघडलेला, म्हणून नंबर माझा दिला, तेवढाच ठळक.

इथेच घोटाळा झाला. सकाळी दहापर्यंत जप आणि मौन, आणि दिवसभर खरंच बोलायचं, हा माझा रोजचा नेम. मौनाच्या वेळात घरच्यांशी मी देवाजवळच्या घंटेने बोलते. एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

पहिल्याच सकाळी फोन वाजला.

"चष्म्याचं दुकान ना?"

टिण!

"तुमच्या वेबसाइटवर काही दिसत नाही हो! दुकान बाजारातच आहे ना?"

टिण!

"अहो, तोंडाने बोला की! थट्टा करताय का?"

टिण, टिण!

"थांबा, येतेच!"

मौन सुटताच मी दुकानाकडे धावले. सकाळी फोन करणाऱ्या बाई, एक निवृत्त मुख्याध्यापिका, फोन नाचवत उभ्या होत्या, मागे आणखी चौघं. "ही अक्षरं आहेत की धुकं? आणि माझं वय कशाला हवंय?"

मामंजींनी त्यांना खुर्ची दिली, डोळे तपासले. नंबर खरंच वाढला होता! त्यांनी तपासणीच्या चौकटीत नव्या नंबरच्या काचा लावून दिल्या. मामंजींचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी ते पुटपुटले, "अक्षरांना हात लावू नकोस हं!"

बाईंनी त्या काचांतून पुन्हा फोन पाहिला. "अजूनही दिसत नाही! तुमच्या काचाच खोट्या!"

मागचे चौघेही दाराकडे वळले. मामंजी पांढरे पडले.

"बाई, काचा खऱ्या आहेत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. उद्या याच काचांतून सगळं वाचता येईल. शब्द देते."

"बघू! चष्मा करायला तेव्हाच सांगेन."

"आम्हीही उद्याच येतो," बाकीचे म्हणाले.

मामंजींनी सुस्कारा सोडला. "सूनबाई, रांग लागली खरी. उद्याची!"

घरी येऊन मी मुकाट्याने दुरुस्तीला बसले. आधी परक्यासारखं बघावं म्हणून पान उघडलं, तर फॉर्म दारातच आडवा! सासूबाईंची मनोमन क्षमा मागितली आणि तो शेवटचा एकदा भरला. वयसुद्धा खरं लिहिलं. नेम आहे ना!

मग बासरीचं बटण शोधायला लागले.