हर्षालीबाईंची दफ्तरखान्यावरील स्वारी

गोदामाईस नमन करून, चहाचा कप बाजूस सारून आणि फोन चार्जिंगास लावून ही हकिकत लिहावयास घेतली, ती वाचणारांनी हसू आवरून वाचावी. शहर नाशिक, गंगापूर रोड, तिसरा मजला, येथील सूनबाई हर्षालीबाई यांस इतिहासाचा नाद बहुत. त्यांणी जुन्या पाटपाण्याच्या तंट्यांवर प्रबंध आरंभिला, आणि मोडी शिकल्या, आणि चष्मा लागला, तरी हटल्या नाहीत. परंतु अस्सल कागद पुण्याच्या दफ्तरखान्यात, आणि तेथून ते पाहावयास गुरुवार मुक्रर होऊन आला. मग दफ्तरखाना दुरुस्तीस बंद होणार, आणि तो उघडेतो प्रबंधाची मुदत सरणार. गुरुवार हुकला तर पाच वर्षांची मेहनत मातीत, ऐसा बाका प्रसंग.

आणि नेमके त्याच गुरुवारी सिन्नरास नणंद साधनाबाई यांचे चिरंजीव रुद्रराव, उमर अकरा महिने, यांचे जावळ! सासूबाई उज्वलाबाईसाहेब, घरातील सकळ मुलुखाच्या व फ्रिजच्या मालकीण, यांचा हुकूम सुटला की, मामाच्या मांडीवर जावळ आणि मामीच गैरहजर, तर सिन्नरास तोंड काय दाखवावे? पुण्यास फिरणे मागाहून होईल. फिरणे म्हटल्याने हर्षालीबाईंच्या जिव्हारी लागले, आणि रडू आले, ते कांदा चिरता चिरता खपून गेले. आज बोलले नाही तर संपलेच, ऐसे मनी म्हणत राहिल्या, परंतु तोंड उघडेना.

तेव्हा पती शेखरराव पुढे सरसावले. हे नाशिक रोडास नोटांच्या कारखान्यात चाकरीस, रोज येता जाता झडती देणारे, सबब झडतीच्या विद्येत तरबेज. त्यांणी मसलत दिली की, दफ्तरखान्याचे कायदे कडक, तरी आधी घरीच तालीम करावी. मग हॉलच्या दारात ओढणी ताणून नाके बसविले, आणि बाई सरंजामासह हजर जाहल्या. आणि पेन जप्त, शाई कागदाची वैरीण म्हणोन, आणि पर्स जप्त, आणि पाण्याची बाटली जप्त, आणि मग डबा उघडिला तो आत मेथीचे लाडू, ते शेखररावांनी जागीच खाऊन निकालात काढिले. मग बाईंचे हात धुवविले, फोन मुका केला आणि खुर्चीवर बसवून फर्माविले की, संध्याकाळपर्यंत ऐसेच, चकार शब्द नाही. हसू दाबता दाबता उभयतांची पोटे दुखली.

गलबला ऐकोन उज्वलाबाईसाहेब लाटण्यासह चालून आल्या आणि सर्व प्रकार पाहोन चौकशी मांडिली. दिवसभर अन्न नाही? त्या खोलीत नाही, आई, ऐसे शेखरराव उत्तरले. पाणी? तेही नाही. बोलणे? नाही. बाईसाहेब हरतालिकेस पाण्याचा थेंब न घेणाऱ्या, चतुर्थी न चुकविणाऱ्या. त्यांचा चेहरा एकदम गंभीर जाहला.

"अगं, मग हे फिरणं कुठलं? हा तर कडक उपास झाला," ऐसे बोलून त्यांणी लाटणे खाली ठेविले. त्यांच्या कायद्यात संकल्प केलेला उपास मोडणे नाही, कार्य असो वा पाहुणा. म्हणोन शेवटचा सवाल केला की, संकल्प केला आहे काय?

या खेपेस हर्षालीबाईंस शब्द फुटला. "पाच वर्षांपूर्वीच केलाय, आई."

मग बाईसाहेबांनी तेथूनच सिन्नरास फोन लाविला आणि आज्ञा केली की, मुहूर्त पुढला काढावा, वहिनी गुरुवारी कामास जाणार. साधनाबाई रुसल्या, आणि कसले मेले एवढे काम, ऐसे विचारित्या जाहल्या. बाईसाहेबांस ते नीटसे ठाऊक नव्हते, तरी ठणकावून म्हणाल्या, "ते तुला कळायचं नाही."

या घराण्यात सुनेच्या कामापायी घरचे कार्य हलले, ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. पुणे अद्याप लांब, परंतु अवघड मुलुख हाती आला. हर्षालीबाई न्हाणीघरात नळ सोडून मनसोक्त रडल्या, आणि बाहेर येऊन पेन्सिलींस टोक करावयास बसल्या. ऐसी फत्ते जाहली, ती येणेप्रमाणे नमूद केली असे.