थोरल्यांचा करकोचा

“रविवारी सगळं तळं आपल्या काठाला लोटतं की नाही बघ,” असं थोरल्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि तिच्याकडून एक जुनी उशी मागून घेतली. बायकोने उशी दिली, कारण विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की कारणं विचारायची हौस फिटते.

थोरले आणि धाकटे हे सख्खे साडू, आणि दोघेही एकाच तळ्यावरच्या पक्षी अभयारण्यात राखणदार. अलीकडचा काठ थोरल्यांचा, पलीकडचा धाकट्यांचा. धाकट्यांना ही नोकरी लावून दिली ती थोरल्यांनीच, आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना रोज सकाळी चहाबरोबर व्हायचा. कारण यंदा करकोच्यांच्या जोडीने घरटं बांधलं ते धाकट्यांच्या काठाला! कित्येक वर्षांनी तळ्यावर करकोच्याची अंडी. माणसं नुसती तुटून पडली. पेपरात फोटो आला, त्यात करकोचे एवढेसे आणि धाकटे एवढे मोठे. थोरल्यांच्या काठाला काय, तर पाणकावळे. ते दिवसभर पंख पसरून धुण्यासारखे वाळत बसायचे, आणि वाळत घातलेलं धुणं बघायला तिकीट काढून कोण येतं?

घरी वेगळाच ताप. मेहुणीचा रोज फोन यायचा, की आमच्याकडे आज जोडीने नाच केला, ताई. आमच्याकडे म्हणे! जसे काही करकोचे तिला लग्नात आंदणच मिळाले होते. फोन ठेवल्यावर बायको बोलायची काही नाही, फक्त थोरल्यांकडे बघायची. त्यापेक्षा बोललेली परवडली असती.

त्यात मोठ्या साहेबांचं फर्मान आलं. माणसं अपुरी पडतात, तेव्हा यापुढे लोकांसाठी एकच काठ उघडा राहील. कोणता, ते साहेब रविवारी येऊन ठरवणार. दुसऱ्या काठाच्या राखणदाराने तिकीट खिडकीत बसायचं. उभा जन्म मोकळ्या हवेत काढलेल्या माणसाने त्या खोक्यात कोंडून घ्यायचं, आणि तिकिटं फाडायची ती साडूच्या काठाची! थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्यांना खात्याच्या एका प्रशिक्षणातली गोष्ट आठवली. आपल्या जातीचा पक्षी उतरलेला दिसला की पक्ष्यांना ती जागा भरवशाची वाटते, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम खोटे पक्षी मांडून ठेवतात. याच्या पुढेही शिकवणारे साहेब बरंच काही बोलले होते, पण तोवर थोरल्यांचा डोळा लागला होता.

उशीवर राखाडी रेनकोट चढला, नळीची मान झाली, छत्रीच्या काड्यांचे पाय झाले आणि डोक्याला बायकोचं लाल नेलपॉलिश लागलं. रविवारी उजाडायच्या आत थोरल्यांनी तो करकोचा आपल्या काठाजवळच्या, पाण्यातल्या उंचवट्यावर नेऊन रोवला. लांबून इतका देखणा दिसला की क्षणभर त्यांनाच भरून आलं.

खरे करकोचे काही आले नाहीत. माणसं मात्र आली! दुर्बीणवाल्या एका निवृत्त गुरुजींनी पाहिलं, त्यांनी चौघांना फोन केले, आणि बघता बघता पलीकडची गर्दी उठून अलीकडे आली. थोरल्यांनी दोरी बांधली, लोकांना दोरीमागे उभं केलं. खोटा आहे हे ते आता सांगणार होते, मग आता सांगणार होते, पण कुणीतरी त्यांचा फोटो मागितला आणि ते राहूनच गेलं. पलीकडच्या रिकाम्या काठावर धाकटे एकटेच उभे होते. ते दृश्य थोरल्यांनी दुर्बिणीतून दोनदा पाहिलं.

ऊन चढलं तशी कुरकुर सुरू झाली. हा हलत का नाही? थोरले म्हणाले, स्वभावच शांत आहे. खात का नाही? सकाळी खाऊन झालंय. शेवटी एका बाईंना राहवेना. पक्षी आजारी आहे आणि राखणदार थट्टा करतोय, असा फोन त्यांनी थेट ऑफिसात लावला. ऑफिसने जखमी पक्षी पकडण्यात तरबेज माणूस ताबडतोब धाडला. तरबेज माणूस म्हणजे कोण? धाकटेच! जाळी आणि कांबळं घेऊन ते होडीतून निघाले.

थोरल्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. तेवढ्यात डोक्यावरून कर्कश ओरडत काहीतरी गेलं. घरट्यावरचा नर होता तो. आपल्या पाण्यात हा कोण उपटसुंभ येऊन उभा राहिला, आणि तेही आपल्या बायकोच्या समोर! त्याने उतरल्या उतरल्या उशीला चोचीने फोडायला सुरुवात केली. प्रशिक्षणाचा उरलेला भाग बहुधा हाच असावा. लोक ओरडू लागले, आजारी पक्ष्याला मारतोय, कुणीतरी सोडवा.

थोरल्यांनी दुर्बीण घरट्याकडे वळवली. मादी अंड्यांवरून उठून नवऱ्याचं भांडण बघायला पुढे आली होती. आणि मागे घरट्याच्या कडेला कावळे उतरत होते. राखणदार जागेवर नाही, लोक नाहीत, पाखरं नाहीत. अंडी गेली तर साडूचा दिमाख उतरेल, या विचाराने थोरल्यांना एक क्षण गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. दुसऱ्या क्षणी त्यांनी दुर्बीण खाली टाकली.

“ती उशी आहे!” ते ओरडले. कोण विश्वास ठेवणार? धाकटे होडीतून म्हणाले, “साडूभाऊ, तुम्ही बाजूला व्हा, तो घाबरेल.”

थोरले बुटांसकट पाण्यात शिरले. नराला हाकललं तर तो फिरून इथेच येणार, तेव्हा त्याचा शत्रूच संपवायला हवा, एवढं त्यांना कळलं. त्यांनी सगळ्या पक्षिप्रेमींच्या देखत त्या दुर्मिळ करकोच्याची मान पिरगाळली, पाय उपटले आणि पोट फाडलं. एक बाई मटकन खाली बसल्या. नराने आपणच जिंकलो अशा थाटात मान उंचावून आरोळी ठोकली आणि तो घरट्याकडे झेपावला. कावळे पळाले. अंडी शाबूत राहिली. पाण्यावर कापूस तरंगत होता.

“म्हणजे उशीच होती की,” गुरुजी हळूच म्हणाले.

साहेब कधीपासून मागे उभे होते कुणास ठाऊक. थोरल्यांनी चिंब अंगाने सगळं कबूल केलं. साहेबांनी एकदा त्या दोरीकडे पाहिलं आणि ते म्हणाले, “सकाळपासून एवढी माणसं इथे लांब उभी राहून उशीकडे बघत होती आणि खूश होती. मग घरट्याच्या उरावर न्यायची कशाला त्यांना? पलीकडचा काठ बंद, तिथल्या राखणदाराने नुसती घरट्याची राखण करायची. इथे मोठी दुर्बीण बसवा, सगळे लोक इकडेच आणा.”

जिंकले की थोरले! काठ त्यांचा, लोक त्यांचे, आणि वेगळा माणूस नसल्यामुळे तिकीट खिडकीही त्यांचीच. आता दिवसभर संडास कुठे, पाणी कुठे, सुटे नाहीत का, वाघ आहे का. पुढच्या रविवारी थोरले नव्या दुर्बिणीला डोळा लावून उभे राहिले ते हलेचनात. मागे रांग वाढत गेली.

“काका, दिसतात का करकोचे?” कुणीतरी कळवळून विचारलं.

“साडू झोपलाय,” थोरले दातओठ खात म्हणाले. “दोन खुर्च्या घेऊन.”