काळमेघसाहेबांचा पुरावा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काळमेघसाहेब कलिंगडवाल्याच्या शब्दावर कलिंगड घेत नाहीत. आमच्या कोपऱ्यावर गाडी लावणारा तो माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "साहबजी, शक्कर है." साहेब उजवा तळहात पुढे करतात आणि एकच शब्द उच्चारतात, "पुरावा?" मग तो सुरी खुपसून त्रिकोणी फोड बाहेर काढतो. साहेब अर्धी खातात, अर्धी मला देतात, कारण त्यांच्या मते एका साक्षीदाराचे काही खरे नसते, आणि त्यानंतरच पिशवी उघडतात. मराठीतला तेवढा एक शब्द त्या विक्रेत्याला येतो. हल्ली साहेब लांबून दिसले, की तो आपणहून "पुरावा, पुरावा" असे पुटपुटत सुरी शोधू लागतो.

हा स्वभाव त्यांच्या नोकरीने घडवला असावा. ते मूळचे अमरावतीकडचे. इथे जयपुरात, दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्रात त्यांचे सारे आयुष्य बाजरीच्या बियाण्यात गेले. पाकिटावर काहीही छापलेले असो, दाणे ओल्या कागदावर मांडायचे आणि कोंब दिसेपर्यंत कोणाचेही ऐकायचे नाही, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर दाणे गेले, पण ऐकायचे नाही हे राहिले. तळमजल्यावरचे शर्माजी एकदा म्हणाले, की मी रोज पहाटे चालायला जातो. साहेबांनी त्यांचे बूट उलटे करून तळवे पाहिले आणि परत ठेवले. शर्माजी पुढच्या दिवसापासून खरोखर चालू लागले.

एरवी ते शुद्ध, कार्यालयीन मराठी बोलतात. मन हलले, की मात्र वऱ्हाडीत उतरतात. हे मला फार उशिरा कळले. मी मूळचा सांगलीचा, इथे भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षे नकाशे वाचणाऱ्या माणसाने शेजारी इतका हळू वाचावा, याची मला आजही खंत वाटते.

साहेबांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मुलगी मुक्ता शिकण्यासाठी अमेरिकेत गेली आणि तिकडच्याच डॅनियल नावाच्या मुलाशी तिने लग्न केले. लग्न तिथल्या एका सरकारी कचेरीत झाले. इकडची मंडळी आमच्या घरी फोनसमोर बसली होती, कारण आमचे इंटरनेट बरे समजले जाते. नेमक्या अंगठी घालण्याच्या क्षणी चित्र गोठले. डॅनियलचा हात हवेत आणि मुक्ताचे डोळे अर्धे मिटलेले, अशा स्थितीत आम्ही बराच वेळ अक्षता धरून होतो. चित्र हलले, तेव्हा सगळे केक खात होते. माझ्या पत्नीने, वसुधाने, अक्षता केकवरच टाकल्या, म्हणजे फोनवर टाकल्या.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या वेळेस साहेब फोन घेऊन खाली येतात. तिकडे त्या वेळी सकाळ असते. वसुधा ताट वाढू लागली, की ते म्हणतात, "वहिनी, मी जेवून आलो." मग फोन लागतो. मुक्ता म्हणते, "बाबा, मी नाश्ता केला." साहेब म्हणतात, "ताट दाखव." ती बशी कॅमेऱ्यासमोर धरते. अंड्याची कवचे, पावाचे कण, काय असेल ते. पुरावा पटला, की ती म्हणते, "आता तुम्ही दाखवा." आणि साहेब माझ्यासमोरचे ताट उचलून फोनसमोर धरतात. "हे पाहा, भरीत. ही ज्वारीची भाकरी. ही लसणाची चटणी." तेवढा वेळ मी हात आवरून बसतो. जयपुरात वाढलेल्या मुलीने आपले जेवण विसरू नये म्हणून हा प्रकार चालतो, अशी माझी समजूत होती. ती मी कधी तपासली नाही.

मुक्ताने तिथेच राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, तेव्हा साहेबांच्या आयुष्यात वसंत आला. लग्न खरे आहे याचा पुरावा त्या देशाचे सरकार मागते, हे ऐकून ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "मास्तर, असा देश पाहिजे," ते मला म्हणाले. "आपल्याकडे दोनशे माणसं जेवतात आणि लग्न झालं म्हणून सांगतात. जेवणं हा जेवणाचा पुरावा झाला. लग्नाचा कुठे?"

या आनंदात एक काटा होता. अर्जाचा निकाल लागेपर्यंत वेगळी परवानगी हातात आल्याशिवाय मुक्ताला अमेरिकेबाहेर पाऊल टाकता येणार नव्हते; टाकले तर अर्जच सोडून दिला असे धरले जाते. परवानगीचा कागद कधी येईल ते कोणी सांगत नव्हते, आणि अर्ज फेटाळला गेला तर पुढे काय, हेही नाही. साहेब या विषयावर बोलत नसत. ते तयारीला लागले.

मुलाखतीत नवरा-बायकोला एकमेकांविषयी प्रश्न विचारतात, असे त्यांना समजले होते. सराव म्हणून त्यांनी आमची मुलाखत घेतली. मला गॅलरीत बसवले, वसुधाला स्वयंपाकघरात.

"वहिनींच्या चष्म्याची चौकट कोणत्या रंगाची?"

"काळी," मी म्हणालो.

"वहिनी चहात साखर किती घेतात?"

"एक चमचा."

ते आत जाऊन आले. चौकट तांबडी होती. साखर तिने संक्रांतीपासून सोडली होती.

"मास्तर," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही अमेरिकेत असता, तर तुम्हाला परत पाठवलं असतं."

"कुठे?"

"सांगलीला. वहिनींना राहू दिलं असतं."

वसुधा इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चौकट खरोखर तांबडी होती. त्या दिवसापासून सकाळचा चहा मी करतो. साखर घालत नाही.

यानंतर माझ्यावर खरे संकट आले. कुटुंबाच्या परिचितांनी लग्न खरे असल्याचे शपथपत्र लिहून दिले तर अर्जाला बळ येते, म्हणून साहेबांनी ते माझ्याकडे मागितले. मी कागद समोर घेऊन दोन संध्याकाळी बसलो आणि शेवटी वर जाऊन सांगितले, "साहेब, मी काय शपथेवर सांगू? अंगठीच्या वेळी चित्र गोठलं होतं. डॅनियलरावांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही."

त्यांना राग येईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "शर्माजींनी न वाचता सही केली हो. म्हणून मी तो कागद फाडून टाकला. तुम्हाले पुरावा देतो मी, मास्तर. थांबा जरासे."

तो अधिक महिना होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून अनारशांचे वाण द्यायचे, हा आपला रिवाज. साहेबांनी तो डॅनियलला इंग्रजीत लिहून कळवला. काय लिहिले ते ठाऊक नाही, पण त्याला प्रवासाची अडचण नव्हती, कारण तो तिथला नागरिक. ऐन उन्हाळ्यात, जयपूरचे लोक स्वतः जयपुरातून पळ काढतात अशा दिवसांत, तो उंच, लाजरा मुलगा आमच्या जिन्यात उभा राहिला. त्याचे कान भाजून लाल झाले होते.

पुढचे चार दिवस साहेबांनी पुरावे गोळा केले. जावई स्कूटरवर मागे बसलेला. जावई कानोत्याच्या धरणावर, आटलेल्या पाण्याकडे पाहत असलेला. जावई कलिंगडाची फोड चाखत असलेला. प्रत्येक छायाचित्रात शेजारी साहेब, ताठ, फेटा बांधून. सगळी छायाचित्रे मुक्ताला गेली आणि तिचा फोन आला.

"बाबा, हे पाहून ऑफिसर काय म्हणेल? मतलब, डॅनियलचं लग्न तुमच्याशी झालंय, असंच वाटतं."

साहेबांनी छायाचित्रे पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

वाणाचा कार्यक्रम त्यामुळे संध्याकाळी, तिच्या सकाळी, ठेवला. वसुधाने अनारसे केले होते. त्यांना जाळी पडली आहे की नाही हे साहेबांनी एकेक अनारसा दिव्यासमोर धरून पाहिले होते, आणि वसुधाने त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढले होते. दोन पाट मांडले. एकावर डॅनियल मांडी घालण्याचा प्रयत्न करत बसला. शेजारच्या पाटावर तांब्याला टेकवून फोन ठेवला आणि फोनमध्ये मुक्ता, ओल्या केसांनी, साडी नेसून. वसुधाने डॅनियलला कुंकू लावले आणि सवयीने, जराही न थांबता, फोनच्या काचेवरही लावले.

"काकू, आता मला सगळं लाल दिसतंय," आतून आवाज आला.

"असू दे," वसुधा म्हणाली. "पुसायचं नाही आज."

मी छायाचित्र काढले. दोघे एका चौकटीत असलेले जयपुरातले ते एकमेव छायाचित्र.

मग जेवण सुरू झाले. साहेब वाढत होते, मी पाहत होतो. इतक्यात फोनमधून मुक्ता सहज म्हणाली, "डॅनियल, ताट दाखव." आणि ज्या मुलाला नमस्कार हा शब्दही नीट म्हणता येत नव्हता, त्याने वर न पाहता, तोंडातला घास चावत, ताट उचलून फोनकडे तिरके केले. वाटीतली आमटी थोडी सांडली. ती म्हणाली, "चटणी सोडलीस." तो ओशाळून हसला आणि त्याने चटणी खाल्ली.

हे दोन शब्द त्याला कोणी शिकवले नव्हते. एका घरात रोज ऐकल्याशिवाय ते असे अंगात मुरत नाहीत. मी त्याच रात्री शपथपत्र लिहिले. लग्न मी पाहिले, असे त्यात लिहिले नाही. मी जे पाहिले तेच लिहिले: ताट, आमटी, चटणी. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा पुसत म्हणाले, "याले म्हणतात पुरावा."

पावसाळा सरता सरता मुलाखत झाली. साहेबांनी तयार केलेल्या शेकडो प्रश्नांपैकी अधिकाऱ्याने एकही विचारला नाही. पहिली भेट कुठे झाली, घरात स्वयंपाक कोण करते, असे थोडे काही विचारले, कागद चाळले, कुंकवाच्या काचेचे छायाचित्र जरा जास्त वेळ पाहिले आणि काही दिवसांनी कार्ड आले. साहेबांना आनंद झाला, पण समाधान झाले नाही. "एवढ्यावर विश्वास ठेवला?" ते म्हणाले. "ढिलाई आहे तिकडे."

त्या रविवारी दुपारी मी पेढे घेऊन वर गेलो. दार उघडेच होते. साहेब फोनवर कोणाला तरी बातमी सांगत होते. त्यांनी मला खुणेने पेढे आत ठेवायला सांगितले. मी त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो.

शेगडी स्वच्छ होती. अलीकडे पुसल्यासारखी नव्हे, अलीकडे वापरलीच नसल्यासारखी. ओट्यावर बिस्किटांचे पुडे रचलेले होते, मुरमुऱ्यांचा डबा होता, आणि एका वाटीत दुधात भिजलेला पाव. कढई पालथी होती. तिच्यावर धूळ होती. मी पेढे त्या वाटीशेजारी ठेवले आणि खाली आलो. वसुधाला सांगितले. तिने कणकेच्या परातीत आणखी एक ओंजळ पीठ घातले.

संध्याकाळी साहेब नेहमीच्या वेळी आले. टेबलावर एकाऐवजी दोन ताटे पाहून दारातच थबकले.

"वहिनी, मी जेवून आलो."

मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी उजवा तळहात पुढे केला आणि म्हणालो, "पुरावा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ताटाकडे, मग वसुधाकडे. ती पोळीवर तूप सोडत होती आणि तिला मान वर करायची गरज वाटत नव्हती. साहेब बसले. भात कालवला. फोन लागला, तेव्हा ते बरेच पुढे गेले होते.

मुक्ताने आधी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरले. साहेबांनी त्याकडे नीट पाहिलेही नाही. "ते ठेव व्यवस्थित. ताट दाखव." तिने दाखवले. दिवाळीचे तिकीट काढले, दोघांचे, असेही सांगितले. साहेब नुसती मान हलवत राहिले. मग ती म्हणाली, "आता तुम्ही."

त्यांनी ताट उचलले. अर्धी पोळी, कालवलेला भात, भाजीचा ओघळ, कडेला चोखून ठेवलेली शेवग्याची शेंग.

पलीकडे क्षणभर काही हलले नाही. मला वाटले, चित्र पुन्हा गोठले.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "दर वेळी ताट भरलेलं असतं. एक घाससुद्धा खाल्लेला नसतो. आज हे कुणाचं आहे?"

"माहंच हाय," काळमेघसाहेब म्हणाले.

तिने पुरावा मागितला नाही. ते ताट खाली ठेवून पुढचा घास कालवू लागले, आणि वसुधाने न विचारता आणखी एक पोळी वाढली.